तंगूस, फ्लोरोकार्बन की ब्रेडेड: नाशिकच्या पाण्यासाठी गळाची दोरी निवडताना

दुकानात दोरीच्या पाकिटावर जो मासा छापलेला असतो तो बहुतेक वेळा लार्जमाउथ बास असतो. हा मूळचा उत्तर अमेरिकेचा मासा आहे. गोदावरीचा किंवा दारणेचा नव्हे. तरीही गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर किंवा मुकणे धरणाच्या काठावर नवा रॉड घेऊन उभा राहणारा माणूस दोरीबद्दल जे काही ऐकून आलेला असतो, ते जवळजवळ सगळे या बासच्या अनुभवातून आलेले असते. तो सल्ला टाकाऊ नाही. आपली मरळ बासप्रमाणेच दबा धरून बसते, पाणवनस्पतींच्या आडून झडप घालते आणि लागल्यावर पुन्हा त्याच झाडोऱ्यात घुसण्याचा प्रयत्न करते. मात्र त्या सल्ल्यातले आकडे जसेच्या तसे उचलण्यापेक्षा त्यामागची कारणे समजून घेतली, तर आपल्या पाण्यासाठी निवड करणे सोपे जाते. पुढची तुलना याच हेतूने केली आहे.

बासच्या मासेमारीत एकाच रॉडवर भागवण्याची पद्धत नाही. पाण्याच्या पोटातून डुलत जाणाऱ्या क्रँकबेट या कृत्रिम आमिषासाठी मध्यापर्यंत वाकणारा, थोडा मऊ रॉड आणि १० ते १२ पाउंडांचे फ्लोरोकार्बन वापरतात. गवतावरून ओढायच्या रबरी बेडकासाठी जाड, ताठ रॉड आणि ५० ते ६५ पाउंडांची ब्रेडेड दोरी घेतात. हलक्या लुअरसाठी (कृत्रिम आमिषासाठी) रॉडच्या खाली बसणारे स्पिनिंग रीळ, त्यावर १० ते १५ पाउंडांची बारीक ब्रेडेड दोरी आणि पुढे ६ ते ८ पाउंडांच्या फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाजवळचा जोडतुकडा, लावतात. पहिल्या रॉडवरची दोरी तिसऱ्यावर किंवा तिसऱ्यावरची दुसऱ्यावर चढवली तर काम बिघडते. ते का बिघडते हे तिन्ही दोऱ्यांच्या घडणीतून कळते.

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकसंध धागा. ड्यूपाँ कंपनीने नायलॉन १९३८ साली जगापुढे आणले आणि त्यानंतर लवकरच त्याची गळाची दोरी झाली. आपल्याकडच्या हातगळाला पिढ्यान्‌पिढ्या हीच दोरी बांधली गेली आहे. तिची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त, सुमारे १.१४ असल्यामुळे ती हळूहळू बुडते. ती चांगली ताणते, गाठ सहज धरते आणि स्वस्त असते. तिचे दोष म्हणजे ती पाणी शोषून काहीशी कमजोर होते, रिळावर महिनोन्‌महिने पडून राहिली की वेटोळ्यांचा आकार धरते आणि उन्हाने खराब होते. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवलेल्या तंगुसावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

फ्लोरोकार्बन दिसायला तंगुसासारखेच असते. पण त्याचा पदार्थ वेगळा, पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड नावाचा आहे. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ साली त्याची पहिली दोरी बाजारात आणली. त्याची घनता सुमारे १.७८ असल्यामुळे ते भराभर बुडते. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचे माप) १.३३, फ्लोरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा सुमारे १.५३ आहे; म्हणून फ्लोरोकार्बन पाण्यात कमी उठून दिसते. ‘कमी दिसते’ या शब्दांचे जाहिरातींत ‘अदृश्य’ होते, ते मनावर घेऊ नये. ‘ताणतच नाही’ हा दावाही खरा नाही. ते ताणते, फक्त ताणायला सुरुवात होण्यासाठी जास्त जोर लागतो. त्यामुळे हलका धक्का त्यातून तंगुसापेक्षा स्पष्टपणे हाताला कळतो.

ब्रेडेड दोरी पॉलिथिलीनच्या अतिशय मजबूत तंतूंची, चार किंवा आठ पदरी वेणीसारखी विणलेली असते. तिची घनता ०.९७ असल्यामुळे ती पाण्यावर तरंगते. तिला ताण, म्हणजे ओढल्यावर लांबण्याचा गुण, जवळजवळ नसतो आणि त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा ती कितीतरी बारीक असते. दोष असे की पारदर्शक नसल्याने ती पाण्यात दिसते, वाऱ्यात फुगते, गुळगुळीत असल्यामुळे साध्या गाठीतून निसटते आणि ताणलेल्या अवस्थेत दगडाच्या धारेला लागली की एका क्षणात तुटते.

या शेवटच्या दोषावर नाशिककराने जरा थांबून विचार करायला हवा. बासच्या चर्चेत ब्रेडेड दोरीचा जो गौरव ऐकू येतो तो बहुतांशी गवताळ, शेवाळी तळ्यांतला असतो, आणि तिथे तो योग्यच आहे, कारण ताणलेली बारीक दोरी पानवेली करवतीसारखी कापत जाते. आपल्या धरणांचे काठ बेसाल्टचे आहेत. काळ्या पाषाणाच्या फुटलेल्या कडा, पायऱ्यांसारखे उतरत गेलेले थर आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की उघडे पडणारे बाभळीचे बुंधे यांतून मासा ओढायचा असतो. वाम तर खडकांच्या सांदीतच राहते. मी पहिल्या वर्षी ३० पाउंडांची ब्रेडेड दोरी थेट गळाला बांधून निर्धास्त होतो. एका चांगल्या माशाने खडकाला वळसा घातला आणि दोरी कशी तुटली हे हातालाही कळले नाही. गुंडाळून घेतल्यावर तिच्या टोकाला कापसासारखा पिंजलेला झुबका होता. पुढे दीड-दोन हात जाड तंगुसाचा किंवा फ्लोरोकार्बनचा लीडर असता तर दोरी खरवडली गेली असती, पण बहुधा टिकली असती.

आता पाउंडांविषयी. पाकिटावर लिहिलेला आकडा म्हणजे दोरी किती वजनाच्या ओढीला तुटते त्याचा अंदाज असतो. १० पाउंड म्हणजे साधारण साडेचार किलो. तंगूस आणि फ्लोरोकार्बन घेताना हा आकडा बऱ्यापैकी उपयोगी पडतो, ब्रेडेडच्या बाबतीत मात्र तो फसवतो. ३० पाउंडांची ब्रेडेड दोरी साधारण ०.२८ मिलिमीटर जाड, म्हणजे ८ ते १० पाउंडांच्या तंगुसाएवढी असते, आणि ५० पाउंडांची सुमारे ०.३६ मिलिमीटर. ‘माझा रॉड १७ पाउंडांपर्यंतचा आहे, मग ३० पाउंडांची दोरी कशी चालेल’ असे नवखे लोक विचारतात. रॉडवरचा तो आकडा बहुधा तंगुसाच्या हिशेबाने दिलेला असतो. जाडीने बसणारी ब्रेडेड दोरी त्यावर चालते. अट एवढीच की रिळाचा ड्रॅग (किती ओढीला दोरी सुटू लागेल ते ठरवणारा ब्रेक) रॉडला झेपेल इतकाच घट्ट ठेवावा, दोरीला झेपेल इतका नव्हे. तंगुसावर ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर लावतात. तोच हिशेब ५० पाउंडांच्या ब्रेडेडला लावून मध्यम रॉड तडकवून घेतलेले लोक मी पाहिले आहेत. म्हणून दोरी घेताना मिलिमीटरचा आकडा आधी वाचावा. स्वस्त मालावर पाउंडांचा आकडा फुगवून छापलेला असतो आणि जाडीवरून तो चटकन पकडता येतो. बाजारपेठेतल्या एका दुकानातून मी ‘४० पाउंडांची’ म्हणून आणलेली ब्रेडेड दोरी काट्यावर बादली टांगून ताणली, तेव्हा ती निम्म्याच्या आसपास तुटली.

दोरीचा ताण आणि रॉडचा ताठपणा यांचे गणित एकत्रच मांडावे लागते. मासा हिसका देतो तेव्हा तो धक्का कुणीतरी गिळावा लागतो: दोरीने, रॉडने किंवा ड्रॅगने. तिन्ही ताठ असतील तर गळ माशाचे तोंड फाडून बाहेर येतो. तिन्ही सैल असतील तर गळ रुततच नाही. मरळीचा जबडा हाडाचा आणि कठीण असतो, त्यात जाड गळ रुतवायचा तर ताठ रॉड आणि न ताणणारी दोरी हवी. रोहूचे ओठ मांसल आणि मऊ असतात, तिथे हीच जोडी घातक ठरते. एकाच धरणात, एकाच सकाळी दोन वेगळ्या दोऱ्या लागण्याचे कारण हे आहे.

मरळीसाठी निवड करायची झाली तर मला फारसा पर्याय दिसत नाही. जलपर्णी, बेशरमीची झुडपे आणि लव्हाळ्यांच्या कडेने रबरी बेडूक ओढायचा, तर रॉडच्या वर बसणारे बेटकास्टर रीळ, ताठ रॉड आणि ५० पाउंडांची ब्रेडेड दोरी थेट बांधावी. इथे लीडर लावू नये. बेडूक पाण्यावर चालतो आणि दोरीही तरंगते, त्यामुळे त्याचे नाक खाली ओढले जात नाही. वनस्पतींच्या गर्दीत माशाला दोरी दिसण्याची भीतीही उरत नाही, उलट लीडरची गाठ मात्र पानांत अडकते. फ्लोरोकार्बन बुडणारे असल्याने या कामाला सर्वांत वाईट. बासवाले ६५ पाउंडांपर्यंत जातात, पण तेवढी जाडी आपल्या काठांवर क्वचितच लागते आणि तिने फेक आखूड होते. ओघात एक सांगतो: पावसाळ्यात मरळ पिल्लांचा थवा सांभाळत असते आणि त्या वेळी ती समोर आलेल्या कशावरही धावून जाते. तेव्हा गळ टाकणे सोपे असते, म्हणूनच ते टाळावे.

रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी तळाला आमिष टाकून वाट पाहायची असते. या कामाला १२ ते १५ पाउंडांचे, म्हणजे ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचे तंगूसच उत्तम, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन-तीन तास दोरी दगडावर घासत पडून राहते, मासा लागला की पहिली धाव लांबवर घेतो आणि मऊ ओठांतून गळ सुटू नये म्हणून दोरीचा ताण कामी येतो. तंगुसाचे दोष इथे आड येत नाहीत. दरवर्षी पावसाळ्याआधी नवी दोरी भरली तरी खिशाला झळ बसत नाही. इथे पूर्ण रीळभर फ्लोरोकार्बन घालणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे आहे. पावसाळ्यात गोदावरीचे पाणी गढूळ असताना ते माशाला कमी दिसते की जास्त, याने काहीच फरक पडत नाही.

तिसरा प्रकार हलक्या लुअरचा. चिलापी आणि लहान शिकारी माशांसाठी पाच-सात ग्रॅमची चमकी किंवा छोटा रबरी मासा फेकायचा, तर स्पिनिंग रिळावर ८ ते १५ पाउंडांची ब्रेडेड दोरी आणि पुढे वावभर लीडर ही जोडी तंगुसापेक्षा सरस ठरते, कारण बारीक दोरीने फेक लांब जाते आणि बारीकशी टोचणीही बोटाला कळते. हिवाळ्यात पाणी निवळलेले असते तेव्हा लीडर फ्लोरोकार्बनचा घ्यावा. एरवी तंगुसाचाही चालतो. वैशाखात दुपारनंतर फुगवट्यावर वारा सुटतो आणि ही हलकी दोरी धनुष्यासारखी फुगून लुअरचा पत्ताच लागू देत नाही. त्या वेळी रॉडचे टोक पाण्याजवळ धरावे किंवा सरळ तंगुसाचा रॉड काढावा. जाड फ्लोरोकार्बन स्पिनिंग रिळावर भरू नये. ते ताठ असल्याने स्प्रिंगसारखे उसळून बाहेर पडते आणि गुंता होतो.

पूर्ण रीळभर फ्लोरोकार्बन योग्य ठरेल अशी एकच जागा मला आपल्याकडे दिसते: निवळ पाण्यात खोलवर जाणारे क्रँकबेट बेटकास्टरवरून चालवणे. दोरी बुडत असल्याने लुअरला खोली मिळते आणि दगडावर घासली तरी ती टिकते. अशी मासेमारी आठवड्यातून एकदा करणारा माणूस असेल तर त्याने १२ पाउंडांचे जरूर घ्यावे. बाकीच्यांना लीडरपुरते लहान रीळ दोन वर्षे पुरेल.

गाठींबाबत थोडक्यात: ब्रेडेड दोरीला पालोमार गाठ मारावी, लीडर जोडायला दुहेरी युनि शिकायला सोपी, एफ-जी बारीक पण वेळखाऊ. फ्लोरोकार्बनची गाठ ओली केल्याशिवाय कधीही आवळू नये, घर्षणाच्या उष्णतेने ते तिथेच कमकुवत होते. ब्रेडेड भरताना रिळावर आधी थोडे तंगूस गुंडाळावे, नाहीतर गुळगुळीत दोरीचा सगळा गठ्ठा रिळावर गोल फिरत राहतो आणि ड्रॅग बिघडल्यासारखे वाटते. अडकलेली ब्रेडेड दोरी हाताला गुंडाळून कधीही ओढू नये. नाशिक-येवल्याच्या संक्रांतीत नायलॉन दोरा काय करतो हे आपण पाहिलेले आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर बंदी घातली ती त्यामुळेच. गळाची दोरी त्याच कुळातली आहे. कापलेले तुकडे काठावर टाकले तर ते बगळ्यांच्या पायांत जातात, म्हणून ते खिशात घालून घरी आणावेत. धरणांतले मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा रॉड उघडण्याआधी तिथे विचारावे. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथे रॉड नेण्याचा प्रश्नच येत नाही.

ज्याला एकच रॉड आणि एकच रीळ घ्यायचे आहे त्याने मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड घ्यावा, त्यावर २० पाउंडांची, म्हणजे साधारण ०.२३ मिलिमीटरची ब्रेडेड दोरी भरावी आणि सोबत १५ पाउंडांचे तंगूस लीडरसाठी ठेवावे. लुअर फेकताना वावभर लीडर पुरतो. रोहूसाठी तळाला आमिष टाकायचे असेल तर तोच लीडर पाच-सहा हात लांब ठेवावा आणि ड्रॅग थोडा सैल करावा, म्हणजे ब्रेडेडला नसलेला ताण काही प्रमाणात भरून निघतो. दाट जलपर्णीतली मरळ मात्र या जोडीने काढता येणार नाही. तिच्यासाठी दुसरा रॉड घ्यावा लागेल.