'द थिंग'चा साउंडट्रॅक: सिनेमा बाजूला ठेवून काही महिने ऐकल्यावर

'द थिंग' या भयपटासाठी संगीतकार एन्निओ मोरिकोने यांनी केलेल्या संगीताचा हा अल्बम गेले काही महिने माझ्या नेहमीच्या ऐकण्यात आहे. घेतला तो सिनेमा आवडतो म्हणून, पण आता सिनेमाची आठवणही न येता तो लावला जातो. भयपटाचं संगीत नुसतं ऐकण्यात काय हशील, असं ज्यांना वाटतं त्यांनी सुरुवात इथूनच करावी.

कारण सांगतो. सिनेमाचे दिग्दर्शक जॉन कार्पेंटर एरवी आपल्या बहुतेक सिनेमांचं संगीत स्वतःच करत. अंटार्क्टिकातल्या संशोधन तळावर घडणाऱ्या १९८२च्या या गोष्टीसाठी मात्र त्यांनी मोरिकोनेंना बोलावलं. मोरिकोनेंनी वाद्यवृंदासाठी लिहिलं, सिंथेसायझरसाठीही लिहिलं. त्यातलं बरंच सिनेमात आलंच नाही, आणि काही जागा कार्पेंटर यांनी आपले संगीतातले सहकारी ॲलन हॉवर्थ यांना सोबत घेऊन स्वतःच्या सिंथच्या तुकड्यांनी भरल्या. अल्बमवर आहे ते मोरिकोनेंचं, सिनेमात न वापरलेलंही. म्हणून ऐकताना 'हा तो अमुक प्रसंग' असं फारसं होत नाही. कितीतरी ट्रॅकना चिकटलेलं दृश्यच नाही.

सगळ्यांना माहीत असतो तो 'ह्युमॅनिटी (भाग २)'. बेसचे दोन ठोके, थोडी उसंत, पुन्हा तेच दोन ठोके. बराच वेळ दुसरं काही घडतच नाही. मग ऑर्गनसारखे सूर एकेक करून वर येऊ लागतात, पण ठोके आपली चाल सोडत नाहीत. सात मिनिटांच्या वर चालणारा हा ट्रॅक सुरुवातीला मला धास्तावून सोडायचा. आता त्यात धास्तीपेक्षा एकटेपणा जास्त ऐकू येतो. 'भाग १' तर उघडच उदास आहे: संथ, वाद्यवृंदाचा, कुणालाही दचकवायला न निघालेला. भीतीचं कारण समोर नसलं की भीतीतला दुःखाचा भाग वर येतो, हे मला या अल्बमने दाखवलं.

दुसरा माझा आवडता ट्रॅक जेमतेम मिनिटभराचा, 'कंटॅमिनेशन'. इथे वादकांनी गज बाजूला ठेवलेत आणि बोटांनी तारा छेडतायत. टपटप आवाज एकमेकांत मिसळत दाट होत जातात. हेडफोनवर तो डोक्याच्या आत चालल्यासारखा वाटतो; अंगावर काटा आजही येतो. लगेच पुढे 'बेस्टिअ‍ॅलिटी', जिथे चेलो आणि डबल बास एकमेकांच्या मागे लागतात. हे दोन ट्रॅक तोडून ऐकू नका.

या संगीताला त्या वर्षी 'रॅझी'मध्ये, म्हणजे वाईट सिनेमांना दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांत, सर्वात वाईट संगीतासाठी नामांकन होतं! मला याचा अजून राग येतो. पुढे २०१५मध्ये क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या 'द हेटफुल एट'मध्ये याच अल्बममधले 'इटर्निटी', 'बेस्टिअ‍ॅलिटी' आणि 'डिस्पेअर' वापरले गेले. तिथेही बर्फात अडकलेली माणसं, तिथेही 'द थिंग'चा नायक कर्ट रसेल. त्या सिनेमाच्या संगीताबद्दल मोरिकोनेंना ऑस्कर मिळालं. नव्या गोष्टीत हे तुकडे इतके चपखल बसले, कारण मुळात ते आपल्या पायावर उभे होते.

आता खटकलेलं. 'वेट' आणि 'स्टेरिलायझेशन' लांबलेत, मन लागलं नाही तर चुळबुळ होते. 'ह्युमॅनिटी (भाग २)' आठव्या क्रमांकावर येतो, तोवर नवखा ऐकणारा कंटाळून उठू शकतो. फोनच्या स्पीकरवर तर ऐकूच नये, ते बेसचे ठोके जवळपास गायब होतात आणि मग उरतं काय? प्रवासातही जमत नाही; हळू जागा गोंगाटात बुडतात, आणि आवाज वाढवून ठेवला तर पुढचा ट्रॅक कानावर आदळतो.

काम करताना मागे लावायला हा अल्बम मला निरुपयोगी वाटला, लक्ष सतत तिकडेच जातं. चांगले हेडफोन, शफल बंद आणि पाऊण तास मोकळा, एवढं जमत असेल तरच लावा. सिनेमा पाहिलेला नसेल तरी बिनधास्त ऐका, उलट तुम्हालाच तो जास्त मोकळेपणाने ऐकता येईल.