शुसलर आधी वाचू की कॅरी? बाराक्षारवाल्यांसाठी

आमच्या फ्रीजवर काली फॉस 6एक्सची बाटली कायमची, परीक्षा आली की आई जिभेवर चार गोळ्या ठेवणार म्हणजे ठेवणारच. ह्या बाराक्षाराच्या, म्हणजे काली फॉससारख्या बारा खनिज क्षारांच्या गोळ्यांच्या उपचारपद्धतीच्या, मुळाशी जायचं म्हटलं की दोन माणसं भेटतात.

शुसलर (1821-1898) जर्मनीतल्या ओल्डेनबर्गचा होमिओपॅथ. शरीर जाळल्यावर राखेत जी खनिजं उरतात त्यातलं एखादं पेशीत कमी पडलं की आजार, एवढंच त्याचं गणित. 1874 ची त्याची पुस्तिका छोटीशी आणि कोरडी, ग्रहबिह काही नाहीत, इंग्रजीत मिळते, दोन संध्याकाळीत संपते.

जॉर्ज वॉशिंग्टन कॅरी (1845-1924) हा अमेरिकन, एकेकाळचा पोस्टमास्तर. 1894 चं त्याचं जाडजूड पुस्तक बऱ्यापैकी शुसलरच्याच वाटेवर आहे, पण 1918 पर्यंत गडी पार राशीचक्रात शिरला, मेष म्हणजे डोकं म्हणून काली फॉस, सिंह म्हणजे हृदय म्हणून मॅग फॉस, मकर म्हणजे गुडघे-हाडं म्हणून कल्केरिया फॉस, मग बायबलही आलं, ख्रिस्ताचं वय 33 आणि पाठीचे मणकेही 33, त्यातून तेल वर मेंदूकडे चढतं वगैरे, आपल्याला कुंडलिनी आठवणारच. वाचायला कॅरीच भारी, खोटं कशाला बोलू.

पण गोळी निवडायला? अजिबात नको. दोघांच्याही दाव्यांना धड चाचण्यांचा आधार नाहीये, 6एक्स म्हणजे 10 लाखात एक भाग, त्याच्या भरवशावर बीपी-शुगरची औषधं बंद करू नका. आणि कॅरीची तर अजून एक गोची आहे, त्याला राशी बारा म्हणून क्षार बाराच लागतात, आणि शुसलरने स्वतः शेवटी शेवटी कल्केरिया सल्फ यादीतून काढून टाकला होता, उरले 11. कॅरीने तो वृश्चिकेला देऊन टाकला.

शिवाय त्याची रास म्हणजे इंग्रजी तारखेवरची सूर्यरास, आपली पत्रिकेतली चंद्राची. माझा जन्म 5 एप्रिलचा म्हणजे कॅरीच्या हिशोबाने मी मेष, मला काली फॉस (आई खूश). पत्रिकेत मात्र रास वृश्चिक, म्हणजे माझ्या वाट्याला नेमका तोच क्षार जो शुसलरने काढून टाकलेला.