कोलोनोस्कोपी: गुंगी घेऊन की न घेता?

माझी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेली मोठ्या आतड्याची तपासणी, दोनदा झाली आहे. पहिली कोल्हापूरला, गुंगीचं इंजेक्शन घेऊन. दुसरी तीन वर्षांनी रत्नागिरीला, काहीही न घेता. तेव्हापासून देवगड ते कणकवली आमच्या गोतावळ्यात ज्याला कुणाला डॉक्टर ही तपासणी लिहून देतात त्याचा फोन मला येतो, आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की हळूच विचारतो, "काय रे, घेऊ की नको?" तपासणी कशासाठी आणि दुर्बीण कुठून जाते, हे त्याला ठाऊक असतं. तुम्हालाही असेलच.

गुंगी घेणारा असो की न घेणारा, तयारीतून कुणाचीच सुटका नाही. दोन लिटर पाण्यात कालवलेली ती पावडर दोघांनाही प्यावीच लागते आणि रात्र दोघांचीही न्हाणीघराच्या वाटेवरच जाते. आपल्याकडच्या माणसाला एकच जास्तीची सूचना. कागदावर 'लाल, जांभळी पेये टाळा' असं लिहिलेलं असतं, त्यात कोकम सरबत आणि सोलकढी धरायची. तो रंग आत राहिला तर पडद्यावर रक्तासारखा दिसतो. पहिल्या वेळी मी आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, त्यात धरलंच नव्हतं. आमच्या घरी आगळ हे पेय नाही, औषध आहे. शहाळं मात्र चालतं. गुंगी घेणाऱ्याला शेवटचे काही तास पाण्याचा घोटही मिळत नाही, कारण गुंगीत उलटी होऊन श्वासनळीत जायची भीती असते. तो फरक सोडला तर आदल्या दिवसापर्यंत दोघांचे हाल सारखेच.

गुंगी हा शब्द आपण जरा सैल वापरतो. एक प्रकार मिडाझोलामचा, सोबत बहुतेकदा फेंटानिलसारखं दुखणं मारणारं औषध. यात माणूस पुरता झोपत नाही. कूस बदला म्हटलं तर बदलतो, विचारलं तर उत्तर देतो, फक्त नंतर त्याला त्यातलं बरंचसं आठवत नाही. दुसरा प्रकार प्रोपोफॉलचा. दुधासारखं पांढरं औषध, शिरेत जाताना हाताला चुरचुरतं आणि मिनिटाच्या आत माणूस गाढ झोपतो. त्यासाठी भूलतज्ज्ञ लागतो आणि त्याची फी वेगळी लागते. तपासणी संपली की दहा-पंधरा मिनिटांत जाग येते आणि डोकंही बऱ्यापैकी लवकर ताळ्यावर येतं. डॉक्टर नुसतं 'थोडी गुंगी देऊ' म्हणाले तर यातली कोणती, हे विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. मला पहिली मिळाली.

गुंगीची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडतो. मला काही म्हणजे काही कळलं नाही. सिस्टरने डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले, आणि त्यानंतरचं मला थेट चहाचा कप आणि बिस्किट आठवतं. दुखणं नाही, लाज नाही. तपासणीच्या विचारानेच ज्याला आठवडाभर झोप लागत नाही, त्याला ही खरोखर मोठी सोय आहे. गोष्ट तिथेच संपली असती तर मी हा आढावा लिहायला बसलोच नसतो.

पण ती चहाच्या कपापाशी संपली नाही. तपासणीनंतर डॉक्टर माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसले आणि दहा मिनिटं माझ्याशी बोलले म्हणे. मी मान डोलवत होतो, दोन-तीन प्रश्नही विचारले म्हणे. बायको तेव्हा औषधाच्या खिडकीपाशी रांगेत होती आणि पुतण्या गाडी काढायला गेलेला. त्या दहा मिनिटांतलं मला फक्त डॉक्टरांच्या खिशातलं हिरवं पेन आठवतं. तीन पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेले मांसाचे कोंब, काढले आणि तीन वर्षांनी पुन्हा यायचं, हे मी घरी येऊन कागदावर वाचलं. ते पॉलिप कसले होते, काळजी करण्यासारखे होते का, मुलांनीही तपासून घ्यायचं का, हे सगळं डॉक्टरांनी सांगितलं असणार आणि बहुधा मी विचारलंही असणार. फोन केला तर उत्तर मिळालं, "डॉक्टरांनी पेशंटला सगळं समजावून सांगितलंय. पुन्हा भेटायचं तर अपॉइंटमेंट घ्या." म्हणजे त्या दहा मिनिटांसाठी पुन्हा फोंडाघाट चढून कोल्हापूरला जायचं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण फेब्रुवारीचा शेवट होता, पहिला मोहोर धरलेल्या आमच्या कलमांचा आंबा तयार होत आलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीच्या दलालाचा निरोप मोबाईलवर आला: 'ठरल्याप्रमाणे पहिल्या ६० पेट्या, २८०० ने. धन्यवाद भाऊ.' ठरल्याप्रमाणे? कधी ठरलं? मी साडेतीन हजारांच्या खाली यायचं नाही असं मनाशी बांधून बसलो होतो. पुतण्याला विचारलं तर तो म्हणाला, "काका, तुमीच तर फोनार सौदो पक्को केलात. घराक येताना, राधानगरीच्या अलीकडे. माका वाटला तुमी एकदम शुद्धीवर आसात. हसत पण होतात." बायकोनेही दुजोरा दिला. मला तो फोन आजही आठवत नाही. राधानगरीसुद्धा आठवत नाही.

सौदा मोडला नाही. शब्द तो शब्द, गुंगीतला असला तरी. पण पेटीमागे सातशे रुपये, साठ पेट्या, हिशोब तुम्हीच करा. त्या तपासणीचं बिल याहून कमी होतं.

चोवीस तास गाडी चालवू नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये, व्यवहार करू नये, असं घरी सोडताना दिलेल्या कागदावर तळाशी बारीक इंग्रजीत छापलेलं होतं. चूक माझीच. पण ती चूक टाळायला जी शुद्ध लागते तीच तर काढून घेतलेली असते! अमेरिकेत हे फार गांभीर्याने घेतात. २००२ साली जॉर्ज बुश यांनी गुंगी घेऊन हीच तपासणी करून घेतली, तेव्हा दोनेक तासांसाठी राष्ट्राध्यक्षपदाचे अधिकार उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्याकडे लेखी सोपवले होते. २०२१ मध्ये बायडन यांनीही तेच केलं, ८५ मिनिटं कारभार कमला हॅरिस यांच्याकडे होता. माझे अधिकार मी कुणाकडेच सोपवले नव्हते. फोन माझ्याच खिशात होता.

म्हणून तीन वर्षांनी रत्नागिरीच्या डॉक्टरांना आधीच सांगितलं की मला जागं राहून करून घ्यायचंय. त्यांना नवल वाटलं नाही. नॉर्वे, फिनलंडकडे पुष्कळ लोक अशीच करून घेतात म्हणाले. त्यांची एकच अट होती: हातात सलाईनची सुई लावून ठेवायची, नकोसं झालं तर 'द्या' म्हणायचं, ते लगेच औषध देतील. ही अट मला सगळ्यात जास्त आवडली. आपण उडी मारतोय पण काठावर दोरी धरून कुणीतरी उभं आहे, असं काहीसं वाटत राहतं.

दुखतं का? दुखतं. पण सतत नाही, आणि लोकांना वाटतं तिथे नाही. दुर्बीण आत जाते तो क्षण नुसता विचित्र असतो. खरी कळ वळणांवर येते. आतड्याला आतून कापल्याचं, चिमटा घेतल्याचं कळत नाही, ताणलं की मात्र कळतं. दुर्बिणीचा वेटोळा झाला की आतडं ताणलं जातं. पहिली कळ बेंबीच्या डावीकडे खाली आली, कच्च्या कैऱ्या खाल्ल्यावर मुरडा येतो तशी, पण त्याहून रुंद. सिस्टरने तळहाताने पोट दाबून धरलं, डॉक्टरांनी दुर्बीण थोडी मागे घेऊन सरळ केली, आणि कळ कुणी बटण बंद करावं तशी गेली. दुसरी डाव्या बरगडीखाली, ती जरा जास्त. तेव्हा त्यांनी मला उताणं व्हायला सांगितलं. दोन्ही कळा मिळून दोन मिनिटं असतील. घड्याळ लावलं नव्हतं, जास्तही असतील. मधे एकदा 'द्या' म्हणावंसं वाटलं होतं, हे लपवत नाही.

पण त्यानंतर जे दिसलं त्यासाठी मी ती दोन मिनिटं पुन्हा सोसेन. स्वतःचं आतडं मी पडद्यावर पाहिलं. गुलाबी, ओलं, बारीक लाल शिरांचं जाळं असलेलं. मधल्या भागात त्याची पोकळी चक्क त्रिकोणी दिसते, एकामागे एक त्रिकोण, आतला लहान होत गेलेला. शेवटाला पोचल्यावर डॉक्टरांनी अपेंडिक्सचं तोंड दाखवलं, चंद्रकोरीसारखी एक चीर. सिस्टर म्हणाली, "खाली बघा," आणि पोटाच्या उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या वर, कातडीतून मंद तांबूस उजेड दिसत होता. आतला दिवा. मी त्या खोलीत जोरात हसलो, आणि पडद्यावरचं चित्र हललं म्हणून डॉक्टर रागावले.

खरी तपासणी बाहेर येताना होते, सावकाश, घडी न् घडी बघत. तेव्हा काहीच दुखत नाही. एक बारका पॉलिप निघाला, तो तारेच्या फाशाने काढताना मी पडद्यावर बघत होतो आणि आत काहीही जाणवलं नाही. डॉक्टर काढता काढताच सांगत होते, हा कसला वाटतो, तपासणीला कुठे जाणार, रिपोर्ट कधी येईल. मुलांचंही विचारून घेतलं. अर्ध्या तासाने कपडे करून बाहेर आलो. वायू सुटेपर्यंत पोट फुगल्यासारखं राहिलं, तेवढंच. काही ठिकाणी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, तो आतड्यात लवकर शोषला जातो आणि हे फुगणंही कमी होतं. सोय आहे का, हे विचारायला हरकत नाही.

आणि मग मी एकटा स्वतः गाडी चालवत घरी आलो. बायकोला आणायची गरज नाही, पुतण्याची रजा नाही. पावसच्या पुढे त्याच दलालाचा फोन आला. पूर्णगडचा पूल अजून यायचा होता. गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, "शेठ, यंदा साडेचारच्या खाली नाही."

आता हे सगळं वाचून कुणी गुंगीला नाही म्हणून बसाल, म्हणून जरा आवरतं घेतो. माझं शरीर म्हणजे तुमचं शरीर नाही. मी साठीकडे झुकलेला पुरुष, पोटावर कधी ऑपरेशन नाही. अशांना जागेपणी तुलनेने कमी त्रास होतो. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेल्या बायकांची आतडी आत कुठे कुठे चिकटलेली असू शकतात, बारीक अंगाच्या बायकांना वळणंही जास्त अवघड जातात, त्यांना कळा बऱ्याच तीव्र येऊ शकतात. मनातून भीती धरलेल्या माणसानेही हट्ट करू नये, तो अंग ताठ करतो आणि मग सगळंच कठीण होतं. उलट ज्याला झोपेत श्वास अडकायचा आजार आहे किंवा ज्याचं हृदय नाहीतर फुप्फुस अशक्त आहे, त्याने गुंगीबद्दल डॉक्टरांशी दोनदा बोलावं, कारण या औषधांनी श्वास मंदावतो. रक्त पातळ करायच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचं दोन्हीकडे आधी सांगायचंच आहे.

आणि घ्यायचीच तर, पुन्हा सांगतो, कोणती ते विचारून घ्या. मला विचाराल तर मिडाझोलामच्या मधल्या वाटेपेक्षा प्रोपोफॉल बरं, निदान पुतण्याला फसवण्याइतकं शहाण्यासारखं बोलणं तरी त्यात होत नाही. पण सुई लावून जागं राहणं, हे मला अजून सगळ्यात बरं वाटतं.

पुढच्या महिन्यात बायकोची आहे, कोल्हापूरलाच. तिची गर्भपिशवी काढून बारा वर्षं झाली. ती गुंगी घेणार आहे आणि मी तिला एका शब्दाने अडवलेलं नाही. मी वही-पेन घेऊन खाटेशी बसणार, औषधाच्या खिडकीपाशी पुतण्याला उभं करणार. तिचा फोन माझ्या खिशात असेल. ती बचत गटाची अध्यक्ष आहे, घाट उतरेपर्यंत कुणाला तरी कर्ज मंजूर करून मोकळी व्हायची.