फॉर्मचा फोटो, सही आणि गिम्प: दुकानातल्या चार वर्षांचा अनुभव

एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, खरी गर्दी ऑनलाइन फॉर्मची. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेचे आकडे मला तोंडपाठ आहेत: फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० बाय २४०. हातानं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र ८०० बाय ४००.

पूर्वी मी यासाठी एक फुकटची वेबसाइट वापरायचे. फोटो टाकायचा, किती केबी हवेत ते लिहायचं, फाइल हातात. मग एका मुलीचा अर्ज बाद झाला. कारण दिलं होतं, सही अस्पष्ट. ती फाइल मी मोठी करून बघितली, तर सहीचं शेवटचं वळण पार फुटून गेलेलं आणि अक्षरांभोवती राखाडी ठिपके. त्या वेबसाइटनं केबीचा आकडा बसवला होता, पण सही घालवून. वर्षभर अभ्यास केलेली पोरगी माझ्यासमोर काही न बोलता बसून राहिली. त्याच रात्री मी गिम्प हे फोटो कापायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं.

फुकट आहे म्हटल्यावर काहीतरी गोम असणार असं वाटलं होतं. तशी काही निघाली नाही. स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीतल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये हे काम सुरू केलं, आणि आजही जगभरचे स्वयंसेवक ते पुढे नेतात. लॉगिन नाही, वॉटरमार्क नाही. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट ही, की मुलांचे फोटो, सह्या, अंगठे कुणा अनोळखी सर्व्हरवर जात नाहीत. माझ्या कॉम्प्युटरवर येतात आणि काम झालं की मी पुसून टाकते.

आता कामाचं सांगते. क्रॉपचं टूल शिफ्ट-सी दाबलं की हातात येतं. बाजूच्या पर्यायांत ‘फिक्स्ड’वर टिक करायची, ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो’ निवडायचा आणि खाली २००:२३० लिहायचं. मग चौकट कितीही ओढा, प्रमाण बिघडत नाही. डोक्यावर थोडी जागा, खाली खांदे, एवढं बघून एंटर. नंतर ‘इमेज’ मेनूतल्या ‘स्केल इमेज’मध्ये रुंदी २०० केली की उंची आपोआप २३० होते. क्रॉप न करता थेट आकडे कोंबले की चेहरा लांबट नाहीतर चपटा होतो. असे फोटो घेऊन आलेली मुलं मी दर भरतीला बघते आणि वाईट वाटतं.

सहीला मी जास्त वेळ देते. बहुतेक जण मोबाइलवर काढलेला फोटो आणतात: कागद निळसर-करडा, सही तिरकी. तिरकेपणासाठी ‘मेजर’ टूलनं कागदाच्या कडेवरून एक रेघ ओढायची आणि ‘स्ट्रेटन’चं बटण दाबायचं. मग ‘कलर्स’मध्ये ‘लेव्हल्स’. तिथे तीन ड्रॉपर असतात, त्यातला पांढरा उचलून कोऱ्या कागदावर टिचकी मारायची. कागद पांढरा होतो आणि काळी शाई उठून दिसते. कागदावर मोबाइलची सावली पडली असेल तर मात्र एक बाजू पांढरी आणि दुसरी मळकी राहते. अशा वेळी मी सरळ कागद आणि काळं पेन पुढे करते, नवी सही घेते आणि स्कॅन करते.

आणि ज्यासाठी मी गिम्प सोडणार नाही ती सोय: जेपेग एक्स्पोर्ट करताना ‘शो प्रीव्ह्यू इन इमेज विंडो’वर टिक केली की क्वालिटीची पट्टी सरकवताना फाइल किती केबीची होणार ते तिथेच दिसतं, आणि चित्र किती बिघडणार तेही समोर दिसतं. सेव्ह करण्याआधीच. त्या मुलीच्या वेळी हे माझ्याकडे असतं तर!

सगळ्यांना वाटतं अडचण फाइल मोठी असण्याची. माझ्याकडे उलटंच जास्त होतं. १४० बाय ६० ची सही इतकी लहान, की १० केबीच भरत नाही आणि पोर्टल परत पाठवतं. हे माप सूचनेत ‘प्रिफर्ड’ म्हणून दिलेलं असतं, म्हणून मी प्रमाण तेच ठेवून २८० बाय १२० करते. केबीही भरतात आणि सही ठसठशीत येते. फोटोची फाइल ५० केबीच्या जराशी वर जात असेल तर क्वालिटीला हात लावायच्या आधी एक्स्पोर्टच्याच चौकटीतल्या एक्झिफ (कॅमेऱ्यानं फाइलमध्ये लिहिलेली माहिती) आणि थंबनेल (फोटोची छोटी प्रत) यांच्या टिका काढून बघा. तेवढ्यानंही काही केबी उतरतात.

पासपोर्ट फोटोसाठीही हेच. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३५ बाय ४५ मिलिमीटर म्हणजे ४१३ बाय ५३१ पिक्सेल. चार बाय सहा इंचाच्या कागदावर असे आठ बसतात, वर कापायला जागा उरते.

तक्रारी आहेत. पहिल्या दिवशी सगळे अडकतात ते सेव्हला. कंट्रोल-एस दाबलं की एक्ससीएफ, म्हणजे गिम्पची स्वतःची फाइल तयार होते, ती कुठलंच पोर्टल घेत नाही. जेपेगसाठी ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’, म्हणजे शिफ्ट-कंट्रोल-ई. माझ्याकडे कामाला येणारा मुलगा आठवडाभर यातच गोंधळला होता. दुसरं, जुन्या मशीनवर उघडायला वेळ लागतो. तुमच्याकडे फॉन्टचा ढीग असेल तर आणखीच. मी सकाळी दुकान उघडल्यावर गिम्प सुरू करते, ते रात्री बंद. तिसरं, मेनू इतके आहेत की नवा माणूस घाबरतो. मला त्यातली सात-आठ टूल्सच लागतात.

२०२५ च्या मार्चमध्ये ३.० आवृत्ती आली. त्यात फिल्टर लावल्यावरही नंतर बदलता येतात, हे मला फार आवडलं. पण ती विंडोज १० किंवा पुढच्यावरच चालते. माझं मागच्या टेबलावरचं मशीन विंडोज ७ चं आहे, त्यावर २.१० ठेवली आहे आणि फॉर्मच्या कामाला ती पुरेशी आहे. डाउनलोड फक्त गिम्प डॉट ऑर्गवरूनच (gimp.org) करा.

वर्षातून एखादा फॉर्म भरणाऱ्यानं एवढं शिकायची गरज नाही, मोबाइलमधलं क्रॉप चालेल. पण ज्यांच्या टेबलावर दिवसाला वीस-वीस पोरांचे फोटो येतात त्यांनी एक रविवार काढून हे शिकाच. अडलं तर शेवटची तारीख सोडून कधीही दुकानात या, मी बसून दाखवीन.