कॅन की एअरब्रश? सांगलीच्या हवेत मसल कारची बॉडी रंगवताना

रणगाड्याच्या प्लास्टिक मॉडेलवर रंग चुकला तर वरून चिखल फासून मोकळं होता येतं. मसल कारच्या, म्हणजे दणकट इंजिनाच्या जुन्या अमेरिकन गाडीच्या मॉडेलला ती सोय नाही. १९६९ चा डॉज चार्जर १:२५ मापात जेमतेम २१ सेंटिमीटर भरतो, पण नजर जाते ती त्याच्या लांबलचक, चकचकीत दारांवर. दारात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ दिसलं तर ती गाडी, थरथरलं तर खेळणं. म्हणून इंजिनाच्या वायरी, चाकं, मागून उचललेलं सस्पेन्शन हे सगळं हाताखालून गेलं की प्रत्येकजण इथे येऊन अडतो: बॉडी तयार रंगाच्या स्प्रे कॅनने मारायची, की कॉम्प्रेसरच्या हवेवर रंग फवारणारा एअरब्रश घ्यायचा?

डबल ॲक्शन म्हणजे काय, कॅन किती मिलीचा असतो, हे सोडून देतो. इथवर आलेल्याला ते ठाऊक असतं. माझा कल लपणार नाही, पण दुसरं पारडं अगदी हलकं नाही हे आधीच कबूल करतो.

कॅनला कमी लेखणारे बहुधा घाईने मारणारे असतात. तामियाच्या टीएस मालिकेतला कॅन नीट हाताळला तर जी चकाकी देतो, ती एअरब्रशवर नवख्याला सहा महिने जमत नाही. फवारा रुंद असतो, बोनेटची पूर्ण रुंदी एका हातात झाकली जाते, त्यामुळे पट्ट्यावर पट्टा दिसत नाही. कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात, हाताला सोसेल इतक्याच, ठेवायचा. उकळत्या पाण्यात किंवा शेगडीजवळ कधीच नाही. मग दोन मिनिटं खडखडवायचा. १५ ते २० सेंटिमीटरवरून पहिले दोन हात नुसते शिंतोड्यासारखे, मध्ये १०-१५ मिनिटं, आणि तिसरा ओला हात. बटण बॉडीच्या बाहेर दाबायचं, बाहेरच सोडायचं; बॉडीवर दाबलं की पहिला थेंब नेमका बोनेटच्या मध्यावर बसतो. थर जाड बसतो हाही एक फायदाच. नंतर २००० च्या वॉटर पेपरने घासून कंपाउंड, म्हणजे चकाकीची पेस्ट, मारताना हाताशी माया राहते. एअरब्रशच्या पातळ थरात चार्जरच्या मडगार्डवरच्या फुगीर कडा घासताना प्रायमर कधी उघडा पडतो ते कळतही नाही.

कॅनला लाईट लागत नाही, धुणंही नाही. वर्षाकाठी दोन गाड्या करणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

अडचण हवेची आहे.

कॅनमधल्या लॅकर रंगातलं थिनर उडताना बॉडीची उष्णता घेऊन जातं, माठातलं पाणी गार होतं त्याच न्यायाने. कॅनमधला वायूही बाहेर पडताना गारठतो, त्याची भर पडते. बॉडीचा पृष्ठभाग असा थंड पडला आणि हवा दमट असली की त्यावर बाष्प धरतं आणि ते ओल्या रंगात अडकतं. वाळल्यावर दुधासारखी झाक उरते. जुलैत हे घडतं म्हणजे घडतंच. पांढऱ्या-पिवळ्या गाडीवर पटकन दिसत नाही. पण १९७० च्या डॉजचा तो जांभळा प्लम क्रेझी, किंवा निव्वळ काळा, यांच्या छतावर ती झाक अशी दिसते की जणू कुणी गाडीवर पीठ चाळलं आहे. छत आणि डिकीवर जास्त, दारांवर कमी. कारण आडव्या भागांवर ओला थर जाड बसतो आणि उशिरा वाळतो.

हे फक्त मॉडेलवाल्यांचं रडगाणं नव्हे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाद्यांना लागतं ते स्पिरिटमधलं चपड्याचं पॉलिशसुद्धा दमट हवेत पांढरं पडू शकतं. फरक इतकाच की पॉलिश करणारा आपलं द्रावण हवेप्रमाणे बदलू शकतो. कॅनमध्ये रंग आणि थिनरचं प्रमाण कारखान्यात ठरून बंद झालेलं असतं. कॅन हवेला जुळवून घेत नाही, तुम्हालाच हवा शोधावी लागते. माझ्या बाबतीत निकाल लावला तो या एका गोष्टीने, बाकी सगळं मागाहून.

आर्द्रतामापक लावून आकडे काढलेले नाहीत. भाजलेला पापड उघड्यावर ठेवायचा. पाव तासात मऊ पडला तर कॅन कपाटात. स्वयंपाकघरातलं मीठ बरणीत पाझरायला लागलं असेल तर पापडही भाजू नका. ही परीक्षा जिल्हाभर सारखी लागू होणार नाही. शिराळ्याकडे पावसाळ्यात पापड टिकणं मुश्कील, जत-आटपाडीकडे राहणाऱ्याला ही कटकट बहुधा निम्मीच. साताऱ्यात घाट जवळ, त्यामुळे ढग उतरले की दिवसच्या दिवस वाया. शिवाय थंडीतल्या सकाळी कॅनचा दाब इतका उतरतो की फवाऱ्याऐवजी थुंकी येते.

बरं, पावसाळा सोडून मे महिन्यात मारावं तर उलटी तऱ्हा. चाळिशीच्या आसपासच्या उन्हात थेंब बॉडीवर पोचायच्या आत अर्धे वाळतात आणि पृष्ठभाग रवाळ होतो. इथे चार्जरच्या मागच्या काचेचा भाग जवळून पाहण्यासारखा आहे. छताचे दोन पंख मागे डिकीपर्यंत उतरतात आणि काच त्यांच्यामध्ये खोल बसलेली असते. कॅनचा रुंद फवारा या खोबणीत शिरतो, तळाला आपटून उलटा फिरतो आणि आतल्या भिंतींवर कोरडी पूड बसवतो. ती झाकायला आणखी एक हात द्यावा तर तळाच्या कोपऱ्यात ओघळ साचतो. बाहेरून पंख आरशासारखे, आतून रेगमाल. त्या कोपऱ्यात बोट जात नाही; पेपर काडीला गुंडाळून घासला तर कडेचा रंग निघतो. (त्याच वर्षीच्या चार्जर डेटोनाला ही काच सपाट बसवली होती, त्या किटला हा त्रास नाही.)

एअरब्रशमध्ये प्याल्यात काय ओतायचं ते आपल्या हातात. लॅकरची मूळ कृती: एक भाग रंग, दीड भाग लेव्हलिंग थिनर (रंग सपाट पसरवणारं), ०.३ चं नोझल चालतं पण बॉडीला ०.४ किंवा ०.५ सोयीचं, दाब १५ ते २० पीएसआय. पावसाळ्यात १० मिली मिश्रणात अर्धा मिली, म्हणजे साधारण दहा थेंब, रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रावण). थिनर सावकाश उडतं, पृष्ठभाग एकदम गार पडत नाही, आणि जे बाष्प धरलं तेही रंग बंद व्हायच्या आत निघून जातं. मे महिन्यात तेच दहा थेंब उलट कामाचे: रंग ओला राहतो, पसरतो, रवाळ होत नाही. डिसेंबर-जानेवारीत रिटार्डर नको. लोभ मात्र धरू नका. दहा टक्क्यांच्या वर गेलात की ओघळ सुटतात, आणि आठवडाभरानेही बॉडी उचलताना बोटांचे ठसे उमटतात.

त्या खोबणीत आधी जायचं. दाब १२ वर आणून, पाच-सहा सेंटिमीटरवरून, दोन्ही आतल्या भिंती आणि तळ असे पातळ हात द्यायचे. मग पंखांच्या कडा, दारांच्या फटी, वायपरखालची जाळी. मोठे भाग सगळ्यात शेवटी. एका बॉडीला पातळ केलेला १५ मिलीच्या आसपास रंग पुरतो. पॉलिश करायचं असेल तर चारऐवजी पाच-सहा हात धरा.

एवढं सगळं करूनही पांढरं आलंच तर घाबरू नका, वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअरही मारू नका. क्लिअरखाली गेलेली झाक कायमची. प्याल्यात नुसतं लेव्हलिंग थिनर घेऊन अगदी हलका हात फिरवला की रंग पुन्हा उघडतो आणि बहुतेक वेळा झाक जाते. कॅनवाल्याला यासाठी कोरड्या दिवसाची वाट पाहावी लागते. मग त्याच रंगाचा एक ओला हात. तोही उपाय चालतो, पण प्रत्येक दुरुस्तीला थर वाढतो आणि मडगार्डवरची नावाची अक्षरं, जी किटमध्ये मुळातच केसाएवढी उठावदार असतात, बुजत जातात. एकदा बुजलेल्या अक्षरांवर क्रोमचा फॉइल चढवून काही उपयोग नाही.

आता एअरब्रशची रड. पावसाळ्यात कॉम्प्रेसर हवेबरोबर पाणीही दाबतो. टाकीला पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप असतोच, पण तिथून पुढच्या नळीत हवा गार होऊन पुन्हा पाणी धरतं. तो एक थेंब ओल्या छतावर सुटला की खड्डा. दुसरा छोटा ट्रॅप ब्रशच्या बुडाशी बसवा, दर दहा मिनिटांनी टाकीचा चावी-नळ सोडा. लाईट गेली तर तीन लिटरची टाकी दारही पुरं करत नाही, आणि थांबलेल्या ओल्या कडेचा जोड नंतर दिसतो.

आणि धुणं. रंग मारायला पाच मिनिटं, धुवायला वीस. स्वस्त ब्रशमध्ये साध्या रबराच्या रिंगा असतात. लॅकर थिनरने त्या फुगतात आणि चाप अडकायला लागतो. घेतानाच टेफ्लॉनच्या रिंगा आहेत का ते विचारा. ०.३ चं नोझल पान्याने आवळू नका, मानेजवळ फुटतं आणि मग प्याल्यात बुडबुडे येतात. धुवायला हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर चालतं, पण त्यात बॉडीचा रंग पातळ करू नका. उघड्या पॉलिस्टायरीनवर ते पडलं की प्लास्टिक कोळ्याच्या जाळ्यासारखं तडकतं. ते बहुधा दुरुस्त होत नाही, नवी बॉडी शोधावी लागते.

पैशांचा हिशेब तसा सरळ: ब्रश आणि टाकीवाला कॉम्प्रेसर मिळून साधारण दहा-बारा कॅनचे पैसे जातात. रंगांच्या बाबतीत एअरब्रश पुढे आहे, कारण प्याल्यात मिसळता येतं. १९६९ च्या शेव्हरलेचा हगर ऑरेंज आणि त्याच साली पाँटियाकने कॅरोसेल रेड म्हणून विकलेला रंग एकच, हे कळलं की दोन गाड्या एकाच बाटलीत भागतात. ऑटो पेंटच्या दुकानातून मेटॅलिक मिसळून आणू नका. खऱ्या गाडीतली चमकी १:२५ वर खडीसारखी दिसते.

शेपटीचा पट्टा किंवा १९७० च्या बॅराकुडाचा हॉकीस्टिक पट्टा मारायचा असेल तर फरक आणखी उघड होतो. टेपच्या कडेला कॅनचा रंग बांध घालतो, टेप काढल्यावर नखाला लागतो. एअरब्रशने टेपच्या कडेवर आधी क्लिअरचा एक हात दिला, मग काळा, तर कड सुरीसारखी येते.

वास आणि आग दोन्हीकडे सारखीच. कापडी मास्क उपयोगाचा नाही, वायूसाठीच्या कार्ट्रिजचाच लावा. संध्याकाळी देवघरात निरांजन असेल तर शेजारच्या खोलीत मारू नका. गच्चीवर जाऊन मारणाऱ्यांना पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या आणि दिवाळीच्या सुमारास चिलटं भेटतात. ती चिमट्याने लगेच काढू नयेत, पूर्ण वाळू द्यावीत, मग घासावीत.

वर्षाला दोन-तीनच गाड्या, त्याही नोव्हेंबर ते मार्चमध्ये, हलके रंग, जागेची चणचण: कॅन घ्या, मनात किंतु ठेवू नका. गडद रंग आवडत असतील, सुट्ट्या गणपती-दिवाळीच्याच मिळत असतील आणि मधले चार महिने किट कपाटात ठेवणं जिवावर येत असेल, तर एअरब्रशची ती वीस मिनिटांची धुलाई सोसण्यासारखी वाटते.

मधला मार्गही आहे. आवडता रंग कॅनमध्येच मिळत असेल तर नोझलला स्ट्रॉ टेपने लावून रंग काचेच्या बरणीत उतरवून घ्या. तोंडावर भोकं पाडलेला फॉइल ठेवा, झाकण लावू नका, रात्रभर तसंच राहू द्या. आत विरलेला वायू निघाला नाही तर प्याल्यात ओतताच रंग फसफसून बाहेर येतो. मग त्यात थोडं लेव्हलिंग थिनर, हवा बघून रिटार्डर, आणि ब्रशने मारा. डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील पट्टे, लावलेल्या गाडीवर टीएस-१३ क्लिअर मारायलाही हीच पद्धत बरी, कारण कॅनमधून सरळ ओला हात दिला तर पट्टे सुरकुततात.

प्रायमर मात्र बेधडक कॅननेच मारा. तो मॅट असतो, वाळल्यावर ८०० ने घासायचाच असतो, आणि त्याच्यासाठी ब्रश धुणं म्हणजे निव्वळ थिनरची नासाडी. लाल प्लास्टिकच्या जुन्या किटला प्रायमरवर एक चंदेरी हात द्या, नाहीतर पांढऱ्या रंगातून आठवड्याभराने गुलाबी वर येतं. काम झालं की कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत बटण दाबा. नाहीतर पुढच्या वेळी पहिला गोळा बोनेटवर येतो.