११-२८ की ११-३४?

रोड सायकलला पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या (चेनरिंग) आणि मागे अकरा गिअर एवढं ठरलं, की घोडं कॅसेटपाशी, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचापाशी अडतं. ११-२८ म्हणजे त्यातल्या सगळ्यात लहान चकतीला ११ दात, सगळ्यात मोठीला २८; मागची चकती जितकी मोठी, तितका चढ हलका. शिमानोच्या ११-२८ आणि ११-३४ दोन्ही मी चालवल्यात, त्यामुळे माझ्यापुरतं सांगतो.

३४ला नाक मुरडणाऱ्यांचं म्हणणं एकच असतं : गिअरमधलं अंतर वाढतं, पायांची लय तुटते. मीही तेच धरून बसलो होतो. मग एकदा दोन्हींचे दात एकाखाली एक लिहून काढले. ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५ दोन्हींत आहेतच. २८वालीत जास्तीचे १२, १४ आणि २८. ३४वालीत २७, ३० आणि ३४. सगळी भांडणं या तीन चकत्यांची! त्यात पुढे ५०, मागे १५वर मिनिटाला ९० फेरे मारले तरी ताशी ३८च्या आसपास वेग होतो. १४ आणि १२ची गरज त्याच्याही पुढे. खडकवासल्याच्या काठानं वारा पाठीशी असताना कधीमधी तिथवर गेलोय, नाही असं नाही.

पण माझा निकाल या हिशोबानं नाही, शिफ्टरनं, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या लिव्हरनं लावला. सिंहगडाच्या चढाला पुढे ३४, मागे २८वर असताना बोट लिव्हरकडे जायचं. लिव्हर ढकलला की तिथल्या तिथे अडायचा, मागून 'टक्' नाही. गिअर संपलेत हे माहीत असूनही पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मग सीटवरून उठून रेटायचं, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना उजव्या गुडघ्यानं हजेरी लावायची. मिनिटाला ६० फेरे टिकवायला २८वर ताशी नऊच्या वर चढावं लागतं. ३४वर साडेसातात भागतं. आता मी बराचसा चढ ३०वर काढतो. ३४ मागे शिल्लक आहे एवढ्यानंच दम पुरतो की काय, कोण जाणे.

पुढे एकच ४०ची चेनरिंग आणि मागे स्रॅम कंपनीची ११-४२ असाही पर्याय आहे. पुढचा डिरेलरच (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) नाही, त्यामुळे चिखलपाण्यात झकास. पण तिथे १९वरून थेट २२, आणि तीही उडी नेमकी ताशी २०-२४ला, म्हणजे आपल्या रोजच्या वेगात. मला ती खुपली.

सपाटीवर ताशी चाळीसच्या ग्रुपात धावणाऱ्यांनी २८च ठेवावी, त्यांना १२-१४ खरंच लागतात. बाकीच्यांनी ३४ घेण्याआधी मागचा डिरेलर बघावा. शिमानोचा आखूड केजचा (चेन ताणून धरणाऱ्या दांडीचा) १०५ (आर७०००) ३०पर्यंतच झेपवतो. चेनही बहुधा लांब लागेल. आणि अकरा गिअरच्या रोड हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) या ३४वालीमागे १.८५ मिमीची स्पेसर रिंग बसवायची असते. माझ्याकडून पहिल्यांदा ती राहिली, तर लॉकरिंग (कॅसेट आवळून धरणारी कडी) गच्च आवळूनही कॅसेट हातानं डुगडुगत होती.