छोट्या पीसी केबिनेटचे पंखे : कापसाच्या हंगामापासून नवतप्यापर्यंतचा अनुभव

हिंगणघाटकडच्या एका गावात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे, सोबत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. फॉर्म भरायला कोणताही पीसी चालतो. पण लग्नसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये, आणि रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावलं की प्रोसेसर तासन् तास शंभर टक्क्यांवर. दुकानात जागा कमी, म्हणून कूलर मास्टरचं एनआर२०० हे साधारण १८ लिटरचं केबिनेट घेतलं, त्यात मिनी-आयटीएक्स म्हणजे लहान आकाराचा मदरबोर्ड आणि रायझन ५ ५६००जी प्रोसेसर. वेगळं ग्राफिक कार्ड नाही. कापूस वेचणी सुरू व्हायच्या आधी पंखे आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) बदलले. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) पार पडल्यावर आता लिहितोय, कारण पंख्यांच्या चाचण्या होतात थंड खोलीत आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात.

पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. रेंडर चालू असताना माझा प्रोसेसर खोलीपेक्षा साधारण ४० अंश वर राहतो, ऋतू कोणताही असो. डिसेंबरात खोली २२ तर प्रोसेसर ६२. मेमध्ये टिनाखाली दुपारी खोली ४२, प्रोसेसर ८२ च्या आसपास. या चिपची मर्यादा ९५. तिथे पोचली की ती स्वतःच वेग कमी करते आणि रेंडर रेंगाळतं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात जुन्या हीटसिंकवर हेच रोज व्हायचं. थंडीत कोणताही पंखा पास होतो हो. विकत घेताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवून घ्या.

आता निवड. खोक्यावर हवेचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो, पण तो समोर काहीच अडथळा नसतानाचा. आपल्याकडे पंख्यासमोर जाळी लागतेच, आणि जाळीवर रुई बसतेच. म्हणून मी स्टॅटिक प्रेशर पाहिलं, म्हणजे अडथळ्यातून हवा ढकलायची ताकद. आर्क्टिक कंपनीच्या पी१२ चं २.२ मिलिमीटर पाणी (हे दाबाचं एकक), नॉक्टुआ कंपनीच्या एनएफ-ए१२एक्स२५ चं २.३४. दोन्ही उत्तम. किमतीत मात्र फार अंतर, त्यामुळे तळाला दोन पी१२ आत हवा घेणारे लावले आणि नॉक्टुआ एकच, हीटसिंकवर, जिथे तो माझ्या कानाजवळ फिरतो. मागे एक बाहेर फेकणारा. वरचा पंखा काढूनच टाकला.

याचं कारण धूळ. आत येणारी हवा बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त असली की केबिनेटच्या प्रत्येक फटीतून हवा बाहेरच्या दिशेने जाते, आणि धुळीला जाळीशिवाय दुसरी वाट उरत नाही. उलट केलं, तर प्रत्येक फट धूळ ओढते. जवळच जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना) असलेल्यांनी हे मनावर घ्याच. नोव्हेंबरात तळाची जाळी काढली की रुईचा थर अख्खा सुटून येतो, दोन गोल स्पष्ट उमटलेले आणि प्रत्येकाच्या मधोमध, पंख्याच्या मोटरसमोर, स्वच्छ ठिपका. सोयाबीन नाहीतर तुरीची मळणी सुरू झाली की कुटाराची (भुशाची) बारीक धूळ मात्र जाळीतून आत शिरते आणि पात्यांच्या पुढच्या कडेवर काळपट रेघ धरते. केबिनेट जमिनीवर ठेवू नका. टेबलावर घेतल्यापासून माझी जाळी कितीतरी उशिरा भरते.

साफ करताना पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा मोकाट फिरला तर बेअरिंग खराब होऊ शकतं आणि मोटर उलटी वीज बोर्डाकडे पाठवू शकते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर अजिबात नको, त्या हवेत पाणी आणि तेल असतं. रंगाचा मऊ ब्रश पुरतो.

बेअरिंगकडे, म्हणजे पंख्याचा दांडा ज्यात फिरतो त्या भागाकडे, कोणी बघत नाही, पण उन्हाळ्यात टिकाव त्यावरच आहे. स्वस्तातल्या स्लीव्ह बेअरिंगचं तेल उष्णतेने लवकर सुकतं, आडवा बसवलेला असला तर अजूनच. माझे तळाचे पंखे आडवेच आहेत, म्हणून फ्लुइड किंवा बॉल बेअरिंगखेरीज घेतलं नसतं. अजून तरी घरघर नाही.

बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक गोष्ट नक्की करा. हा प्रोसेसर एखादी फाइल उघडली तरी क्षणभर तापतो आणि पंखा लगेच भुंकायला लागतो. वेग वाढण्याआधी काही सेकंद थांबायची सेटिंग असते, ती लावा. मी ६० अंशांपर्यंत निम्मा वेग ठेवलाय, ८५ ला पूर्ण. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना आवाज जाणवत नाही. रात्री रेंडरच्या वेळी जाणवतो, आणि तो मला मान्य आहे. व्होल्टेज पडलं की छताचा पंखा मंदावतो, केबिनेटमधले नाही, कारण त्यांना एसएमपीएसकडून (पीसीच्या पॉवर सप्लायकडून) १२ व्होल्ट मिळतात.

खोलीतल्या कूलरबद्दल खूप जण विचारतात. मेच्या कोरड्या हवेत त्याने खोली सहज आठ-दहा अंशांनी उतरते आणि प्रोसेसरही तितकाच उतरतो. एवढा फरक कुठलाही महागडा पंखा देणार नाही. फक्त त्याचा झोत थेट केबिनेटवर घेऊ नका, तुषारांसोबत आपल्या जड पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. खिडकी उघडी ठेवा. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा कूलरचा पीसीला काही उपयोग नाही.

ज्यांना १० लिटरच्या आतलं केबिनेट हवंय, त्यांनी १५ मिलिमीटर जाडीच्या पंख्यावर ६५ वॅटच्या वरचा प्रोसेसर आपल्या भागात घेऊ नये. २५ मिलिमीटरचा पंखा मावत असेल तर तोच घ्या, आणि मावत नसेल तर बायोसमध्ये प्रोसेसर ४५ वॅटवर बांधून टाका.